चालणे, जाणे आणि संचार

चंदीगड शहरातील सेक्टर ४३ हा भाग बाहेरगावच्या माणसाला मुख्यत्वे दोन कारणांनी माहीत असतो. येथे आंतरराज्य बसस्थानक आहे आणि जिल्हा न्यायालयाचे संकुलही याच सेक्टरमध्ये आहे. बसस्थानकावर माणसे कोठेतरी जावयाचे म्हणून येतात. न्यायालयात कोण, केव्हा, कोठून आणि कोणत्या रीतीने गेले, याची अनेकदा चौकशी होते. ‘जाणे’ आणि ‘चालणे’ यांसारख्या अगदी नेहमीच्या शब्दांचे अर्थ तपासून पाहावयाचे असतील, तर या जागेपासून आरंभ करणे सोयीचे ठरेल.

पुण्याकडून आलेला एखादा मराठी प्रवासी या बसस्थानकावर सिमल्याच्या गाडीची चौकशी करतो, असे समजू. त्याला हिंदीत उत्तर मिळते, ‘बस पाच मिनट में चलेगी.’ तो हिंदी जाणत असेल तर अडचण नाही. मात्र हेच वाक्य शब्दाला शब्द ठेवून त्याने मराठीत आणले, तर ‘बस पाच मिनिटांत चालेल’ असे चमत्कारिक विधान तयार होईल. ऐकणाऱ्याला वाटेल की, बस बिघडली आहे आणि पाच मिनिटांत दुरुस्त होणार आहे. मराठीत गाडी सुटते किंवा निघते. फलाटाला ती लागते. आणि पुढे घाटातील वळणांनी प्रवाशाला मळमळू लागले, तर त्यालाही ‘गाडी लागते’. हिंदीतील ‘चलना’ आणि मराठीतील ‘चालणे’ हे शब्द एकाच मुळापासून निघाले असले तरी त्यांची कामे एकसारखी राहिलेली नाहीत.

‘चला’ आणि ‘चाला’

मराठीतल्या मराठीतही हा भेद आढळतो. ‘चला’ आणि ‘चाला’ या दोन आज्ञार्थी रूपांत केवळ एका कान्याचे अंतर आहे. ‘चला’ म्हणजे निघा, आपण जाऊ; मग ते पायी असो, आगगाडीने असो वा विमानाने. ‘चाला’ म्हणजे पायांनी चाला. वैद्य रोग्याला ‘रोज अर्धा तास चाला’ असे सांगतो. ‘रोज अर्धा तास चला’ असे तो कधीही म्हणणार नाही. चंदीगडच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या पंजाबी भाषेने हा प्रश्न निराळ्या मार्गाने सोडविला आहे. तेथे पायी चालण्यासाठी ‘तुरना’ हे स्वतंत्र क्रियापद आहे.

मराठी ‘चालणे’चा व्याप मोठा आहे. घड्याळ चालते, दुकान चालते, खटला चालतो, नाणे चालते. एखादी गोष्ट मान्य असेल तर ‘चालेल’ एवढा एकच शब्द पुरेसा होतो. गीताला चाल असते, बुद्धिबळातही चाल असते, आणि माणसाच्या वागणुकीला चालचलणूक म्हणतात. इंग्रजी ‘वॉक’ या शब्दाचा व्याप इतका नाही. घड्याळाविषयी बोलताना इंग्रजी भाषक ‘वर्क’ किंवा ‘रन’ म्हणतो. दुकानाविषयीही ‘रन’ म्हणतो. म्हणून शाळकरी शब्दसंग्रहात ‘वॉक म्हणजे चालणे’ असे जे समीकरण पाठ करून घेतले जाते, ते फार थोड्या वाक्यांत खरे ठरते.

पावलाची रीत आणि जाण्याची दिशा

या दोन भाषांतील भेद केवळ शब्दांच्या संख्येचा नाही. गतीविषयीची माहिती वाक्यात कोठे ठेवावयाची, याबाबत त्यांच्या सवयीच वेगळ्या आहेत. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लिओनार्ड टाल्मी यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या एका विवेचनात जगातील भाषांच्या या सवयींची मांडणी केली. गतीच्या कोणत्याही घटनेत दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात. एक म्हणजे जाण्याची दिशा : आत, बाहेर, वर, खाली, पलीकडे. दुसरी म्हणजे जाण्याची रीत : धावत, लंगडत, सरपटत. इंग्रजी भाषा बहुधा रीत मुख्य क्रियापदात घालते आणि दिशा एखाद्या लहानशा अव्ययावर सोपविते. स्पॅनिशसारख्या भाषा दिशा मुख्य क्रियापदात घालतात आणि रीत सांगावयाची असेल तरच स्वतंत्र शब्दाने सांगतात. मराठीचा कल सामान्यतः या दुसऱ्या गटाकडे आहे.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एक मुलगी धावत जिना चढली. इंग्रजीत या वाक्याचे मुख्य क्रियापद ‘रॅन’ हे होईल आणि चढण्याचा भाग ‘अप’ या छोट्या शब्दात येईल. मराठीत मुख्य क्रियापद ‘चढली’ हे आहे. ‘धावत’ हा शब्द गाळला तरी मराठी वाक्य पुरे राहते. इंग्रजी वाक्यातून ‘रॅन’ काढून टाकले तर वाक्यच उरत नाही. मराठी बोलणारा माणूस रीत सांगण्यास मोकळा आहे. इंग्रजी बोलणाऱ्यावर ती सांगण्याचे एक प्रकारचे दडपण आहे.

याचा परिणाम भाषांतरावर होतो. डॅन स्लोबिन या अभ्यासकाने इंग्रजी कादंबऱ्या व त्यांची स्पॅनिश भाषांतरे ताडून पाहिली. इंग्रजीत चालण्याची जी रीत सांगितलेली होती, ती स्पॅनिश भाषांतरात सुमारे निम्म्या ठिकाणी गळून गेल्याचे त्यांना आढळले. यात भाषांतरकारांचा आळस होता असे म्हणता येणार नाही. प्रत्येक वेळी रीत सांगावयाची, तर स्पॅनिश वाक्य जड आणि कृत्रिम होते. मराठी भाषांतरकारालाही हा अनुभव पानोपानी येतो.

‘वॉक’चा परिवार

इंग्रजीत चालण्याच्या रीतींसाठी क्रियापदांचा मोठा परिवार आहे. ‘स्ट्रोल’ म्हणजे मजेने, विशेष हेतू न ठेवता चालणे. ‘सॉन्टर’मध्ये त्याच रमतगमतपणात थोडी बेफिकिरी मिसळते. ‘स्ट्राइड’ म्हणजे लांब ढांगा टाकीत चालणे, तर ‘स्ट्रट’ म्हणजे तोऱ्यात चालणे. ‘प्लॉड’ व ‘ट्रज’ यांत थकवा आहे. पाय ओढीत, नेटाने पुढे जाणे त्यांतून सूचित होते. ‘टिपटो’ म्हणजे चवड्यांवर चालणे, ‘वेड’ म्हणजे पाण्यातून किंवा चिखलातून वाट काढीत चालणे, आणि ‘टॉडल’ म्हणजे नुकत्याच चालू लागलेल्या मुलाचे दुडुदुडु चालणे.

यांपैकी काहींना मराठीत तोडीस तोड क्रियापदे आहेत. ‘लिम्प’साठी लंगडणे आहे. निर्हेतुक फिरण्यासाठी हिंडणे, भटकणे आणि रेंगाळणे हे शब्द असून त्यांच्या छटा परस्परांपासून स्पष्टपणे वेगळ्या आहेत. हिंडण्यात आनंद आहे, भटकण्यात ठिकाण हरवल्याची जाणीव आहे आणि रेंगाळण्यात निघण्याची अनिच्छा आहे. ‘घुटमळणे’ हा शब्द तर विशेषच म्हटला पाहिजे. दारापर्यंत यावे, आत जावे की न जावे हे ठरत नसावे आणि पाय तेथेच मागेपुढे होत राहावेत, ही सारी अवस्था त्या एका क्रियापदात सामावली आहे.

परंतु मराठीचे खरे सामर्थ्य क्रियापदाच्या शेजारी बसणाऱ्या द्विरुक्त व अनुकरणवाचक शब्दांत आहे. झपझप, तुरुतुरु, लुटुलुटु, तरातरा, लगबगीने, डुलतडुलत हे शब्द पावलाचा वेग सांगतात आणि त्याबरोबर चालणाऱ्याचे वय व मनःस्थितीही सांगतात. लुटुलुटु चालते ते लहान मूल; प्रौढ माणसाविषयी हा शब्द थट्टेनेच वापरला जाईल. ‘ती तरातरा निघून गेली’ असे म्हटले की राग वेगळा सांगावा लागत नाही. इंग्रजीतील एखाद्या क्रियापदासाठी मराठी क्रियापद सापडत नाही म्हणून निराश होणाऱ्या भाषांतरकाराने शोधाची जागा बदलावी, हे उत्तम. त्याला हवा असलेला शब्द बहुधा क्रियापदाच्या अलीकडे उभा असतो.

उलट दिशेनेही अशीच अडचण येते. रात्रीच्या जेवणानंतरची ‘शतपावली’ इंग्रजीत एका शब्दात नेता येत नाही, कारण त्या शब्दात पावलांची संख्या, वेळ आणि आरोग्यविषयक समजूत अशा तीन गोष्टी आहेत. ‘पायपीट’ या शब्दाचेही तसेच आहे. चालण्याचे कष्ट आणि ते कष्ट टळावयास हवे होते ही तक्रार, असे दोन्ही अर्थ त्यात आहेत. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी जाहीर झाल्यानंतर असंख्य मजूर शहरांतून आपापल्या गावांकडे पायी निघाले. त्यांच्या त्या प्रवासाला नुसते ‘चालत गेले’ म्हणणे अपुरे होते. मराठीत त्यासाठी ‘पायपीट’ हा शब्द तयार होता.

धावणे आणि पळणे

इंग्रजीने जेथे एक शब्द ठेवला तेथे मराठीने दोन केले, असेही काही ठिकाणी घडले आहे. ‘रन’ याचे उदाहरण म्हणून देता येईल. मराठीत धावणे आणि पळणे हे दोन्ही शब्द वेगाने जाण्याचे आहेत, आणि शर्यतीच्या संदर्भात ते एकमेकांच्या जागी येतात. इतर ठिकाणी मात्र त्यांचे मार्ग वेगळे होतात. आग लागली की शेजारी मदतीला धावतात, चोर पळतो. धावण्याची ओढ कशाच्या तरी दिशेने असते, पळण्याची कशापासून तरी दूर. ‘तो घटनास्थळाकडून धावत आला’ आणि ‘तो घटनास्थळावरून पळाला’ ही दोन वाक्ये इंग्रजीत एकाच क्रियापदाने सांगता येतील. मराठीत पहिला मनुष्य निरपराध वाटतो आणि दुसरा संशयित ठरतो.

‘मूव्ह’ आणि संचार

‘मूव्ह’ हा इंग्रजी शब्द या सर्वांहून व्यापक व म्हणूनच अधिक फसवा आहे. वस्तू हलते, मन हेलावते, बिऱ्हाड हलते, सभागृहात ठराव मांडला जातो, बुद्धिबळात खेळी केली जाते. या साऱ्या ठिकाणी इंग्रजीला एकच शब्द पुरतो. वकील न्यायालयाला ‘मूव्ह’ करतो तेव्हा मराठी वृत्तपत्रात पक्षकार ‘न्यायालयात धाव घेतो’. आमदार सभागृहातून ‘वॉक आउट’ करतात तेव्हा मराठीत ‘सभात्याग’ होतो.

या शब्दाचा अर्थ एकदा प्रत्यक्ष सर्वोच्च न्यायालयात वादाचा विषय झाला होता. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये नागरिकांना देशात सर्वत्र मुक्तपणे ‘मूव्ह’ होण्याचे स्वातंत्र्य दिलेले आहे. मराठीत त्यासाठी ‘संचार’ हा शब्द योजिला जातो. उत्तर प्रदेशातील खडक सिंग यांच्यावर १९४१ साली दरोड्याच्या प्रकरणात कारवाई झाली होती. पुराव्याअभावी ते सुटले. तरीही पोलिसांनी त्यांच्यावर पाळत ठेवली. रात्री घरी येऊन ते आहेत की नाहीत हे पाहणे, त्यांच्या जाण्यायेण्याची नोंद ठेवणे असे प्रकार चालत. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणी निर्णय दिला. रात्री घरात शिरून तपासणी करण्यास न्यायालयाने मनाई केली. परंतु पाळतीच्या बाबतीत बहुमताने असे मत दिले की, येथे ‘मूव्ह’ याचा अर्थ शरीराने एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे एवढाच आहे. कोणी वाट अडवीत नसेल तर केवळ मागावर राहिल्याने या स्वातंत्र्याचा भंग होत नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी याच्याशी असहमती नोंदविली. मागे सतत कोणी आहे या जाणिवेखाली होणारी हालचाल मुक्त म्हणता येणार नाही, असा त्यांच्या मताचा आशय होता. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचा निर्णय दिला आणि १९६२ च्या निर्णयातील त्याविरुद्ध जाणारा भाग रद्द ठरविला.

मराठी वाचकाच्या दृष्टीने येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘संचार’ या शब्दात केवळ जागा बदलणे अभिप्रेत नाही. सर्वत्र, सहजपणे, निर्वेधपणे फिरणे असा त्याचा भाव आहे. ‘हालचाल’ हा शब्द योजिला असता तर अर्थ बहुमताच्या मताकडे झुकला असता. एकच अधिकार, परंतु त्यासाठी निवडलेला शब्द वाचकाच्या मनात त्याची कक्षा आधीच आखून ठेवतो.

यात्रा, कूच आणि मोर्चा

समूहाने चालण्याच्या शब्दांतही असाच इतिहास दडलेला आहे. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी ७८ सहकाऱ्यांसह साबरमती आश्रमातून दांडीकडे निघाले. सुमारे ३८५ किलोमीटरचे अंतर पायी तोडून त्यांनी ६ एप्रिल रोजी मिठाचा कायदा मोडला. इंग्रजीत या घटनेला ‘मार्च’ म्हणतात. तो शब्द सैन्याच्या पावलांचा आहे. गुजरातीतील ‘कूच’ हा शब्दही लष्करी आहे. मराठीत मात्र ‘दांडीयात्रा’ हे नाव रूढ झाले. ज्या भाषेत दरवर्षी आषाढीला आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी वारी जाते, तिने निःशस्त्र माणसांच्या त्या चालण्याला यात्रा म्हणावे, हे स्वाभाविकच होते.

याउलट ‘मोर्चा’ या शब्दाचा मूळ अर्थ चालण्याचा नव्हेच. फारसीतून आलेल्या या शब्दाचा अर्थ खंदक किंवा तोफा मांडण्याची जागा असा होता. हिंदीत आजही लढाईच्या आघाडीला मोर्चा म्हणतात. मराठीतील ‘मोर्चेबांधणी’ या शब्दात तो जुना अर्थ टिकून आहे. एका जागी रोवून बसण्याचा हा शब्द मराठीत रस्त्यावरून घोषणा देत जाणाऱ्या समूहाचा झाला. मार्च २०१८ मध्ये हजारो शेतकरी नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर पायी चालून मुंबईत आले, तेव्हा त्याला ‘लाँग मार्च’ हेच नाव मराठीतही राहिले.

वारीवरील इरावती कर्वे यांच्या मराठी लेखाचे नाव ‘वाटचाल’ असे आहे. त्याचे इंग्रजी भाषांतर १९६२ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा शीर्षक ‘ऑन द रोड’ असे झाले. भाषांतरकारांनी वाट ठेवली. चाल मात्र मागे राहिली. मराठी शब्दात वाट आणि तिच्यावरून चालणे ही एकच गोष्ट आहे, आणि इंग्रजीत तिला एका शब्दात जागा नव्हती.

साक्षीदाराचे पाऊल

आता पुन्हा सेक्टर ४३ मधील न्यायालयाकडे येऊ. भारतातील अनेक न्यायालयांत साक्षीदार एका भाषेत बोलतो आणि त्याच्या बोलण्याची नोंद दुसऱ्या भाषेत होते. अशा वेळी गतिवाचक क्रियापदाची निवड ही शैलीची बाब राहत नाही.

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात प्रसिद्ध आहे. त्यांनी ४५ विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघातांच्या फिती दाखविल्या आणि मोटारींचा वेग किती होता असे विचारले. प्रश्नातील क्रियापद मात्र गटागटाला वेगळे होते. मोटारी एकमेकींवर जोरात आदळल्या, अशा अर्थाचे क्रियापद ऐकणाऱ्यांनी सरासरी ताशी ४०.८ मैल वेग सांगितला. एकमेकींना लागल्या, अशा सौम्य अर्थाचे क्रियापद ऐकणाऱ्यांनी ताशी ३१.८ मैल. फिती त्याच होत्या. ल्यूना फिलिपोविच यांनी पुढे इंग्रजी व स्पॅनिश या भाषांतील साक्षींच्या भाषांतरांचा अभ्यास केला. साक्षीदाराने न सांगितलेली रीत इंग्रजी भाषांतरात शिरण्याचा आणि सांगितलेली रीत स्पॅनिश भाषांतरातून गळण्याचा धोका त्यांनी दाखवून दिला.

मराठी साक्षीतही हा धोका आहे. ‘तो घरातून बाहेर पडला’ या वाक्यात रीत मुळीच नाही. ‘पडला’ असला तरी तो पडलेला नाही. आणि तो धावत गेला की सावकाश गेला हेही साक्षीदाराने सांगितलेले नाही. इंग्रजी नोंद करणाऱ्याने सवयीने ‘रॅन आउट’ असे लिहिले, तर एक निरुपद्रवी माणूस पळून जाणारा ठरेल. येथे रीतीविषयी मौन पाळणारे ‘वेंट आउट’ हेच भाषांतर प्रामाणिक होय.

इंग्रजीतून मराठीत येताना निराळीच सावधगिरी हवी. इंग्रजी साक्षीदार म्हणतो की, आरोपी चालत खोलीत शिरण्याच्या सुमारास दिवा लागला होता. ‘वॉक्ड’ एवढे म्हणून तो मोकळा होतो. मराठीत बहुधा ‘चालत आला’ किंवा ‘चालत गेला’ यांपैकी एक निवडावे लागते. ‘आला’ म्हटले की साक्षीदार खोलीत होता. ‘गेला’ म्हटले की तो बाहेर होता. चालणाऱ्या माणसाविषयीचे वाक्य पाहणाऱ्या माणसाची जागाही सांगून जाते. भाषांतरकाराने ती जागा विचारून घेतली पाहिजे. अंदाजाने ठरविता कामा नये.

इंग्रजी क्रियापद पाऊल कसे पडले हे सांगण्याचा आग्रह धरते. मराठी क्रियापद कोण कोणत्या बाजूला उभा राहून पाहत होता, हे सांगण्याचा आग्रह धरते. दोन्ही भाषा खऱ्याच बोलतात, परंतु प्रत्येकीचा प्रश्न वेगळा असतो. एका भाषेतून दुसरीत जाताना शब्दाला शब्द शोधण्याआधी, बोलणाऱ्याने काय सांगितले आणि काय सांगितले नाही हे पाहावे. बसस्थानकावरील प्रवाशाची फार तर गाडी चुकेल. समोरच्या न्यायालयात मात्र एका क्रियापदापायी माणसाचा संचार थांबू शकतो.